जुन्या शहरातल्या सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये पहिल्यांदा राहताय? आधी इमारत बघा, मग सोफा

कामासाठी, एखाद्या कोर्ससाठी किंवा नुसतं निवांत फिरायला म्हणून दोन-चार आठवडे परक्या शहरात राहायचं असेल तर हॉटेलपेक्षा सर्व्हिस्ड अपार्टमेंट बरं पडतं, स्वतःचं किचन असतं, कपडे धुता येतात, रोज कुणी दार वाजवत नाही, हे आता बहुतेकांना माहीत झालंय. आणि त्यातही शहराच्या जुन्या भागात जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण दार उघडलं की समोरच तीनशे वर्षांची गल्ली. मी कामाच्या निमित्तानं अशा बऱ्याच घरांमध्ये राहिलेय आणि मला हा प्रकार मनापासून आवडतो, म्हणूनच सांगते, नवीन माणूस फोटोत सोफा बघतो, किचन बघतो, खिडकीतून दिसणारा घुमट बघतो आणि बुक करून मोकळा होतो. पण सोफा, पलंग, ओव्हन हे मालक उद्या बदलू शकतो, इमारत बदलू शकत नाही. जिना किती उभा आहे, भिंत किती जाड आहे, वायरिंग किती लोड घेतं, गाडी कुठपर्यंत येते, खाली काय आहे, तुमचा मुक्काम कसा जाणार ते या गोष्टींवर ठरतं आणि फोटोत यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही.

तर मी ज्या क्रमानं करते त्याच क्रमानं लिहिते.

१. ‘सर्व्हिस्ड’ म्हणजे नक्की काय ते विचारून घ्या

या शब्दाला एक ठरलेला अर्थ नाही. कुठे खाली रिसेप्शन असतं आणि रोज सफाई होते, कुठे आठवड्यातून एकदा चादरी-टॉवेल बदलून जातात, आणि कुठे साधा खाजगी फ्लॅट असतो ज्याच्या जाहिरातीत फक्त हा शब्द घातलाय. म्हणून सफाई कितीदा, चादरी कधी, कचरा कोण नेणार, लांबच्या मुक्कामात वीज भाड्यात धरलीय की युनिटप्रमाणे वेगळी, हे सगळं मेसेजमध्ये लेखी घ्या, फोनवर नको. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच, रात्री दोन वाजता पाणी वाहायला लागलं किंवा लाइट गेली तर फोन कोण उचलणार आणि तो माणूस किती वेळात पोचणार. याचं उत्तर गोलगोल आलं तर समजून जा की सर्व्हिस फक्त नावातच आहे.

पैशांचं म्हणाल तर जाहिरातीतला आकडा आणि शेवटचा आकडा यात सफाईचे पैसे, शहराचा पर्यटक कर आणि डिपॉझिट एवढा फरक असतो. डिपॉझिट बऱ्याचदा कापत नाहीत, कार्डावर तेवढी रक्कम ब्लॉक करून ठेवतात, आणि ती सुटायला निघाल्यानंतरही काही दिवस लागतात, त्यामुळे त्या कार्डावर बाकीचा प्रवास अवलंबून ठेवू नका. पर्यटक कराचे नियम सारखे बदलत असतात, उदाहरणार्थ एडिनबरामध्ये २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना भाड्यावर ५ टक्के कर लागू होतो, तोही पहिल्या ५ रात्रींपुरताच, म्हणजे महिनाभर राहणाऱ्याला फार जड जात नाही पण बुकिंगच्या किमतीत तो धरलाय की नाही ते विचारायला हवं.

२. परवाना नंबर बघा, हे टाळू नका

हे मी मुद्दाम ठळक लिहितेय कारण नवीन लोकांना वाटतं की परवाना ही मालकाची डोकेदुखी आहे, आपला काय संबंध. संबंध आहे. जुन्या वस्त्यांमध्ये घरं पर्यटकांकडे जायला लागली आणि तिथले रहिवासी बाहेर पडायला लागले म्हणून बऱ्याच शहरांनी नियम कडक केलेत. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केलं की नोव्हेंबर २०२८ पर्यंत शहरातल्या सगळ्या १०,१०१ टुरिस्ट फ्लॅट्सचे परवाने संपू द्यायचे, नवे करायचे नाहीत. पॅरिसमध्ये मालक स्वतः राहत असलेलं घर वर्षाला १२० रात्रीच देता यायचं, २०२५ पासून ती मर्यादा ९० वर आली. ॲमस्टरडॅमने २०१९ मध्ये ती ६० वरून ३० वर आणली होती. फ्लॉरेन्सने २०२३ मध्ये ऐतिहासिक भागात अशी नवी घरं सुरू करायलाच बंदी घातली. अशा ठिकाणी विनापरवाना घर घेतलं तर ऐनवेळी बुकिंग रद्द होऊ शकतं आणि तुम्ही बॅगा घेऊन रस्त्यावर, शिवाय त्या घराची आगीची तपासणी झालीय, विमा आहे, याची काहीच खात्री नाही.

तपासणं सोपं असतं. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक अशा घराला सीआयएन नावाचा राष्ट्रीय कोड लागतो, तो जाहिरातीतही हवा आणि इमारतीच्या दाराशीही लावलेला हवा. पॅरिसमध्ये नोंदणी क्रमांक असतो. स्कॉटलंडमध्ये शॉर्ट टर्म लेटचा, म्हणजे घर थोड्या दिवसांसाठी भाड्यानं द्यायचा परवाना लागतो आणि त्याचा नंबर जाहिरातीत असतो. युरोपियन युनियनचा या घरांच्या नोंदणीचा सामाईक नियमही २० मे २०२६ पासून लागू होतो. नंबर दिसत नसेल तर सरळ विचारा, ज्याच्याकडे आहे तो लगेच पाठवतो, आणि जो म्हणतो की ‘शेजाऱ्यांनी विचारलं तर आमचे मित्र आहोत असं सांगा’ त्याच्याकडे अजिबात जाऊ नका.

पासपोर्टची माहिती मागितली तर घाबरू नका. इटलीत पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती पोलिसांच्या सिस्टिममध्ये भरणं मालकावर बंधनकारक आहे, क्रोएशियातही २४ तासांत नोंद करावी लागते. फक्त पासपोर्टचा फोटो कुठल्याही चॅटवर टाकण्याऐवजी बुकिंगच्या अधिकृत लिंकवरून द्या किंवा समोर दाखवा.

३. बुक करण्याआधी इमारतीबद्दलचे प्रश्न

‘कितवा मजला’ एवढं विचारून भागत नाही. युरोपात तळमजला शून्य धरतात हे ठीक, पण बार्सिलोनातल्या जुन्या इमारतींमध्ये तळमजल्यानंतर एन्त्रेसोल येतो, मग प्रिन्सिपाल, आणि त्यानंतर कुठे ‘पहिला’ सुरू होतो, म्हणजे पत्त्यात तिसरा मजला लिहिलाय आणि प्रत्यक्षात पाय पाचव्यावर जाऊन थांबतात. म्हणून विचारायचं असं की रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट असेल तर ती रस्त्याच्या पातळीवरून सुरू होते की आधी अर्धा जिना चढावा लागतो, आणि लिफ्टमध्ये मोठी बॅग आणि माणूस एकत्र मावतो का. जुन्या जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत नंतर बसवलेल्या लिफ्ट खरंच कपाटाएवढ्या असतात. आईवडील बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, बाबागाडी असेल तर हा एकच प्रश्न सगळा निर्णय करतो.

मग खिडक्या. बेडरूमची खिडकी रस्त्याकडे आहे की आतल्या चौकाकडे. रस्त्याकडे असेल तर खाली काय आहे. रेस्टॉरंट चालतं एक वेळ, अकराला बंद होतं, बार मात्र चालत नाही, कारण गल्ली अरुंद आणि दोन्ही बाजूंनी दगडी भिंती म्हणजे खाली दोन माणसं नेहमीच्या आवाजात बोलली तरी तिसऱ्या मजल्यावर शब्दन् शब्द ऐकू येतो. वारसा म्हणून संरक्षित इमारतींमध्ये खिडक्या बदलायला परवानगी सहजी मिळत नाही, त्यामुळे दुहेरी काच असेलच असं नाही. एसीचंही तेच, बाहेरच्या भिंतीवर युनिट लावायला मनाई असते म्हणून मालक चाकांचा पोर्टेबल एसी ठेवतात ज्याचा जाड पाइप खिडकीतून बाहेर काढावा लागतो, म्हणजे खिडकी उघडीच राहते आणि आवाज आतही आणि बाहेरचाही. जाहिरातीत दोन्हीला ‘एसी आहे’ असंच लिहितात. विचारा, भिंतीवरचा की चाकांचा.

मजला निवडायचा असेल तर माझं मत असं की तळमजला किंवा अर्धा जमिनीखालचा घेऊ नका, तिथे ओल असते आणि अंधार असतो, आणि सगळ्यात वरचा, छपराखालचा, उन्हाळ्यात घेऊ नका, तो तापतो. मधले मजले सगळ्यात चांगले, जाड भिंतींचा फायदा तिथेच पूर्ण मिळतो. व्हेनिसमध्ये तर तळमजल्याला भरतीच्या पाण्याचाही विचार करावा लागतो. २०२० पासून मोसे नावाचे बंधारे मोठ्या भरतीला वर उचलतात त्यामुळे त्रास खूप कमी झालाय, पण जमिनीलगतची ओल बंधाऱ्यानं जात नाही.

अजून दोन बारीक गोष्टी. एक, ‘मेझनीन बेड’ म्हणजे माळ्यावरचा पलंग, तिथे शिडीसारख्या जिन्यानं चढायचं आणि रात्री झोपेत उतरायचं, लहान मुलं असतील तर नकोच. क्योटोमधल्या माचिया म्हणजे जुन्या लाकडी घरांचे जिनेही असेच उभे असतात आणि लाकूड-कागदाच्या भिंतींतून आवाज सहज पलीकडे जातो. दुसरं, टॉयलेटला पंप आहे का. जुन्या इमारतीत जिथे मूळ ड्रेनेजची लाइन लांब आहे तिथे नंतर केलेल्या बाथरूममध्ये मॅसरेटर, म्हणजे मैला बारीक करून पुढे ढकलणारा पंप, बसवतात, फ्लश केला की तो मिक्सरसारखा वाजतो आणि त्यात टॉयलेट पेपरशिवाय काहीही गेलं की अडकतो. वाईट नाही, फक्त माहीत असलेलं बरं.

फोटोंमध्ये काय नाहीये तेही बघा. दहा फोटोंत इमारतीचा जिना नाही, दार नाही, बेडरूमच्या खिडकीतून दिसणारं दृश्य नाही, तर ते मागून घ्या. सांभाळून ठेवलेला जिना मालक हौसेनं पाठवतो.

४. पोचायचा दिवस

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे शक्यतो उजेडात पोचा. जुन्या वस्तीत पहिल्यांदा जाताना रात्री अकराला पोचणं म्हणजे नंबर दिसत नाही, कुलूप दिसत नाही, विचारायला कुणी नाही. विमान उशिरा येणार असेल तर पहिली रात्र स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात काढून सकाळी जाणं मला जास्त पटतं.

गाडी भाड्यानं घेतली असेल तर आधी मालकाला विचारा की गाडी कुठपर्यंत आणता येते. इटलीतल्या फ्लॉरेन्स, रोम अशा शहरांच्या जुन्या भागात झेडटीएल म्हणजे मर्यादित वाहतुकीचे भाग आहेत, तोंडाशी कॅमेरा असतो, थांबवायला पोलीस नसतो, तुम्ही मॅपच्या मागे मागे आत जाता आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी गाडीच्या कंपनीमार्फत घरी येते, आणि जितक्या वेळा आत गेलात तितके दंड. टॅक्सीला आत जायची परवानगी असते, पण ती जिथे सोडते तिथून दारापर्यंत चालणं असतंच. दगडी फरसबंदीवर छोट्या चाकांची ट्रॉली बॅग ओढणं जिकिरीचं होतं, चाकं निखळतात आणि आवाजानं सगळी गल्ली जागी होते, म्हणून शक्य असेल तर पाठीवरची सॅक किंवा मोठ्या चाकांची बॅग घ्या. व्हेनिसमध्ये ४०० च्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या, तिथे जवळचा बोटीचा थांबा ते घर यामध्ये पूल किती हे मी बुकिंगआधीच विचारते.

आता पत्ता. जुन्या शहरांचे पत्ते त्यांच्या त्यांच्या पद्धतीनं चालतात आणि ती पद्धत कळली की एकदम सोपं होतं. व्हेनिसमध्ये नंबर रस्त्याप्रमाणे नसतात, शहराचे सहा भाग आहेत, सेस्तिएरे म्हणतात, आणि त्या अख्ख्या भागाला एकच क्रमांकमाला, म्हणजे नंबर हजारांत जातो आणि पुढचा नंबर कुठल्या बोळात असेल सांगता येत नाही, तिथे मालकाकडून मॅपवरचं नेमकं लोकेशन घेणं हाच उपाय. प्रागमध्ये घरावर दोन पाट्या असतात, लाल आणि निळी, निळी म्हणजे त्या रस्त्यावरचा क्रम आणि लाल म्हणजे त्या भागातला नोंदणी क्रमांक, पत्त्यात दोन्ही तिरप्या रेघेनं लिहिलेले असू शकतात. फ्लॉरेन्समध्ये दुकानांचे नंबर लाल आणि घरांचे निळे-काळे, दोन्ही क्रम स्वतंत्र चालतात, म्हणून एकाच रस्त्यावर २० नंबर दोनदा भेटतो. एडिनबराच्या जुन्या इमारतींत पत्त्यात ‘2F1’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा पहिला फ्लॅट, आणि तिथे रस्ते वेगवेगळ्या पातळ्यांवर असल्यानं मॅपवर तुम्ही दारात उभे दिसता आणि खरं दार तुमच्या पायाखालच्या रस्त्यावर असतं.

चावीचं काय ते नीट ठरवून घ्या. कोणी माणूस भेटणार असेल तर उत्तम, मी नेहमी तेच मागते, कारण दहा मिनिटांत तो घर समजावून सांगतो. कीबॉक्स, म्हणजे कोड टाकून उघडायची चावीची छोटी पेटी, असेल तर तो नक्की कुठे आहे त्याचा फोटो, कोड आणि दाराचा फोटो हे सगळं फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, नुसत्या लिंकवर राहू नका, दगडी बोळात नेटवर्क जातं. फ्लॉरेन्सने २०२५ मध्ये ऐतिहासिक भागात रस्त्यावर लावलेल्या कीबॉक्सना बंदी केलीय, त्यामुळे जुनी माहिती वाचून जाऊ नका, आत्ता काय पद्धत आहे ते विचारा.

आणि दार. जुन्या दाराला चावी दोन-तीन वेळा फिरवावी लागते, कधी दार स्वतःकडे ओढून धरल्याशिवाय फिरत नाही, जोर लावू नका, चावी तुटते. बरीच दारं नुसती ओढली की लागतात आणि बाहेरून चावीशिवाय उघडत नाहीत. शिवाय आतून कुलपात चावी तशीच राहिली असेल तर बाहेरून दुसरी चावी असूनही बऱ्याच कुलपांत ती जात नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कचरा टाकायला खाली गेले, चावी आतल्या बाजूला कुलपात, पायात घरातल्या चपला, फोन आत. मालकाची माणसं दुसरी चावी घेऊन आली ती चाललीच नाही आणि शेवटी कुलूपवाला बोलवावा लागला. तीन तास मी जिन्यात बसून होते आणि समोरच्या फ्लॅटमधल्या आजींनी मला खुर्ची आणि पाणी आणून दिलं. तेव्हापासून चावी गळ्यात घालून मगच दार उघडते, आणि रात्रीही आतून कुलपात चावी ठेवायची की नाही हे मालकाला विचारून ठरवते.

५. आत गेल्यावर पहिला तास

बॅगा उघडायच्या आधी सगळ्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा, ओरखडे, डाग, फुटलेली फरशी, सगळं, आणि त्यात जे दिसलं ते त्याच दिवशी मेसेजनं कळवा. ढेकूण नाहीत ना, ते गादीच्या शिवणी उचलून बघा. मग तीन गोष्टी शोधून ठेवा, एमसीबीचा, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा बोर्ड कुठे आहे (कधी तो फ्लॅटच्या बाहेर जिन्यात असतो), पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि गॅस असेल तर त्याचा कॉक कुठे आहे. स्मोक अलार्मचं टेस्ट बटण दाबून बघा. गॅसचा गिझर किंवा बॉयलर घरात असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, या वायूला वास नसतो आणि जुन्या घरात खिडक्या घट्ट लावून झोपलं की धोका वाढतो. अलार्म नसेल तर तो लगेच मागा, आणि त्या घरातल्या हवेच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून कापडानं बुजवू नका, त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात.

आग लागली तर बाहेर कसं पडायचं ते एकदा चालून बघा. जुन्या इमारतीला बहुतेक वेळा एकच जिना असतो, कधी लाकडी, म्हणून त्या जिन्यात रिकामी बॅग किंवा खोके ठेवायची सवय लावू नका.

वायफाय बेडरूममध्ये येत नसेल तर दोष राउटरचा नसतो, अर्ध्या मीटरची दगडी भिंत असते. ऑनलाइन मीटिंग असतील तर पहिल्याच दिवशी टेबल राउटरच्या खोलीत सरकवा आणि निघताना परत जागेवर ठेवा.

६. रोजचं राहणं

वीज आधी. जुन्या घरात सगळी उपकरणं एकदम चालवता येत नाहीत. इटलीत साध्या घराचं कनेक्शन बहुतेक ३ किलोवॅटचं असतं. आता हिशोब करा, पाण्याची इलेक्ट्रिक किटली साधारण २ किलोवॅट, ओव्हन २ च्या आसपास, वॉशिंग मशीन पाणी तापवताना जवळजवळ तेवढंच, हेअर ड्रायर दीड-दोन. यातली कुठलीही दोन एकत्र चालू केली की लाइट जाऊ शकते. बिघाड काही नसतो, मर्यादा ओलांडलेली असते. एक बंद करा, एमसीबी वर करा, झालं. परत परत पडत असेल तर मात्र सोडून द्या आणि मालकाला कळवा. व्होल्टेजही बघून घ्या, युरोपात २३०, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. फोन-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक सगळीकडे चालतात, त्यावर १००-२४० लिहिलेलं असतं, पण घरून नेलेली इस्त्री किंवा हेअर ड्रायर नुसत्या ॲडॉप्टरवर लावू नका, ॲडॉप्टर पिन बदलतो, व्होल्टेज बदलत नाही.

गरम पाणी टाकीचं असेल तर टाकी किती लिटरची ते बघा. ८० लिटरची असेल तर दोघांची व्यवस्थित अंघोळ होते, तिसऱ्याला थांबावं लागतं, कारण दीड किलोवॅटचं कॉइल ती टाकी थंड पाण्यापासून पूर्ण तापवायला जवळपास तीन तास घेतं. चौघं असाल तर दोघांनी सकाळी, दोघांनी रात्री, असं पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

थंडी-उन्हाळ्याचं गणित जाड भिंतींमुळे वेगळं आहे. दगड हळू तापतो आणि हळू थंड होतो. हिवाळ्यात संध्याकाळी आल्यावर हीटर फुल करून रात्री बंद असं केलं तर भिंती तापतच नाहीत आणि तुम्ही कुडकुडता, त्यापेक्षा मंद पण सतत चालू ठेवलेला चांगला. उन्हाळ्यात दिवसभर बाहेरच्या लाकडी झडपा आणि खिडक्या बंद, सूर्य मावळून बाहेरची हवा गार झाली की सगळं उघडायचं. त्या झडपा शोभेच्या नाहीत, घर बांधणाऱ्यांनी एसी म्हणूनच लावल्यात, आणि एकदा त्या वापरायची सवय लागली की घर किती विचारानं बांधलंय ते कळतं.

ओल हा या घरांचा कायमचा विषय. अंघोळ आणि स्वयंपाकानंतर पाच-दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडा, दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा हे जास्त चांगलं. ओले कपडे बेडरूममध्ये वाळत घालू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवून बॅगा ठेवू नका, मागे बुरशी येते. भिंतीला खिळा किंवा चिकटपट्टी तर नाहीच, जुना चुन्याचा गिलावा असेल तर तो पापुद्र्यासारखा निघतो आणि संरक्षित इमारतीत तो दुरुस्त करणं मालकालाही सोपं नसतं. बेसिनमध्ये तेल ओतू नका, थंड करून बाटलीत भरून कचऱ्यात टाका. ओले वाइप्स टॉयलेटमध्ये नकोत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी.

कचरा हा शेजाऱ्यांशी भांडण होण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. जिथे ट्रक शिरत नाही तिथे पद्धत वेगळी असते, व्हेनिसमध्ये सकाळी माणसं हातगाडी घेऊन दाराशी येतात आणि कचरा बोटीनं जातो, रात्रीच पिशवी बाहेर ठेवली तर समुद्रपक्षी ती फाडून सगळ्या बोळात पसरवतात. कुठला कचरा, कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या पिशवीत, एवढं मालकाकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा.

आवाजाची सवय होते, पण सगळ्या आवाजांची नाही. चर्चच्या घंटा, एडिनबराच्या किल्ल्यावरून रविवार सोडून जवळजवळ रोज दुपारी एकला सुटणारी तोफ, हे ठरल्या वेळी होतं आणि चार दिवसांत कान स्वीकारतात. पहाटे काचेच्या बाटल्या गोळा करणारी गाडी आणि रात्री फरशीवर ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या यांची सवय होत नाही, त्यासाठी इअरप्लग नेलेच पाहिजेत. आणि आपलाही आवाज लक्षात ठेवा. लाकडी तक्तपोशीवर बूट घालून चाललं की खालच्या घरात प्रत्येक पाऊल वाजतं. घरात मऊ चपला घाला, रात्री दहानंतर वॉशिंग मशीन नको, जिन्यात बॅग ठणठण आपटत न नेता उचला, दार हातानं धरून लावा.

शेजारी सुरुवातीला थंड वाटले तर मनावर घेऊ नका. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते, २०२२ मध्ये तो आकडा ५० हजारांच्या खाली गेला. ज्या जिन्यात सगळे एकमेकांना नावानं ओळखायचे तिथे आता दर आठवड्याला नवे चेहरे आणि नव्या बॅगा येतात, त्यांचा राग समजण्यासारखा आहे. जिन्यात भेटले की त्यांच्या भाषेत नमस्कार म्हणा, पहिल्या दोन दिवसांत किती दिवस राहणार ते स्वतःहून सांगा, मला आजवर यानं फरक पडला नाही असं एकदाही झालेलं नाही. आणि किराणा गल्लीतल्याच दुकानातून घ्या, तिथली दुकानं टिकली तरच ती वस्ती राहण्याची जागा राहते.

७. निघताना

आदल्या संध्याकाळी मालकाला विचारा, टॅक्सी नक्की कुठे येईल, चावी कुठे ठेवायची, शेवटचा कचरा कुठे. चेकआऊट दहाला आणि विमान रात्री असेल तर बॅगा ठेवायची सोय असते का तेही. सकाळी परत एक सलग व्हिडिओ काढा, मीटर वेगळा असेल तर त्याचा फोटो, आणि घर ठीक आहे, डिपॉझिट सोडतोय असा एका ओळीचा मेसेज मालकाकडून घ्या. खिडक्या आणि झडपा लावा, गॅसचा कॉक बंद करा, बाथरूममधल्या सॉकेटमध्ये चार्जर राहिलाय का बघा.

चावी आत टेबलावर ठेवून दार ओढून घ्या असं सांगितलं असेल तर आधी सगळ्या बॅगा, पासपोर्ट आणि फोन दाराबाहेर आलेत ना ते मोजा, आणि खालचं रस्त्यावरचं दार आतून चावीशिवाय उघडतं ना, हे वरचं दार ओढायच्या आधी एकदा खाली जाऊन बघून या.